दुखणे सांगण्याची भाषा : चंद्रपूर-गडचिरोलीतील रुग्ण, डॉक्टर आणि मधली बोली

गोषवारा

रोगनिदानाचा आरंभ रुग्णाच्या निवेदनापासून होतो. मात्र रुग्णाची आणि वैद्यकाची भाषा एक नसेल तर हे निवेदन वाटेतच बदलते. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत मराठी, झाडीबोली, गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी अशा अनेक भाषा एकाच दवाखान्याच्या ओसरीवर एकत्र येतात. या परिस्थितीत वेदना व आजार सांगण्याची भाषा कशी घडते, ती कोठे अडते आणि ती शिकणे म्हणजे नेमके काय शिकणे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : वेदनावाचक शब्द, माडिया, गोंडी, झाडीबोली, दुभाषी, आरोग्यसेवा.

प्रस्तावना

बाह्यरुग्ण विभागातील पहिला प्रश्न सर्वत्र सारखाच असतो : ‘काय होते?’ हा प्रश्न जितका सोपा, तितके त्याचे उत्तर अवघड. ताप मोजता येतो, रक्तदाब मोजता येतो. वेदना मोजण्याचे यंत्र नाही. ती ज्याला होते त्यालाच कळते आणि इतरांपर्यंत ती पोहोचते ती शब्दांतून, कण्हण्यातून, चेहऱ्यावरून किंवा पोटावर दाबून धरलेल्या हातावरून. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने १९७९ साली केलेली वेदनेची व्याख्या २०२० साली सुधारली. शब्दांतील वर्णन हा वेदना व्यक्त करण्याचा अनेक मार्गांपैकी केवळ एक मार्ग आहे आणि एखाद्याला सांगता येत नाही म्हणून त्याला वेदना नाहीत असे समजू नये, हा खुलासा त्या वेळी व्याख्येसोबत जोडण्यात आला. भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातील आरोग्य केंद्रात बसणाऱ्याला हा खुलासा निराळा समजावून सांगावा लागत नाही.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सिरोंचा भागात तेलुगू, पूर्वेस भामरागड-एटापल्लीत माडिया, धानोरा-कोरचीकडे गोंडी व छत्तीसगढी, मुलचेरा-चामोर्शीत पुनर्वसित कुटुंबांची बंगाली आणि वडसा-आरमोरी पट्ट्यात झाडीबोली अशी सर्वसाधारण मांडणी करता येईल. चंद्रपूर जिल्ह्यात जिवती-कोरपना परिसरात कोलामीची भर पडते आणि कोळशाच्या खाणींमुळे हिंदी व तेलुगू बोलणारे कामगारही येतात. शासकीय कारभाराची भाषा मात्र प्रमाण मराठी आणि औषधाच्या चिठ्ठीची भाषा इंग्रजी.

मराठीतील वेदना : एक क्रियापद पुरत नाही

परप्रांतातून आलेला वैद्यकीय विद्यार्थी मराठीतील पहिला शब्द शिकतो तो ‘दुखणे’ हा. ‘कुठे दुखते?’ हे वाक्य दोन दिवसांत पाठ होते. त्यापुढे अडचण सुरू होते, कारण मराठी माणूस केवळ ‘दुखते’ असे म्हणून थांबत नाही. जखम ठणकते, गळू ठसठसते, छातीत चमक निघते, पाठीत उसण भरते, पोटरीत पेटका येतो, पोटात मुरडा येतो, डोळे चुरचुरतात, छातीत जळजळते, दाढेतून कळ जाते, बाळंतिणीला वेणा येतात, काटा सलतो, तापाआधी अंग मोडून येते, हातापायांना मुंग्या येतात. यांतील प्रत्येक शब्द निदानाचा एक दुवा आहे. ठसठसणाऱ्या जागी पू धरला असण्याची शक्यता वाटते. मुरडा म्हटले की आतड्याकडे लक्ष जाते. मुंग्या म्हटल्या की नसेचा विचार करावा लागतो. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली तयार केलेल्या मॅकगिल वेदना प्रश्नावलीत वेदनेची ७८ विशेषणे २० गटांत मांडली आहेत. आपल्याकडील शेतकरी स्त्री ती प्रश्नावली न पाहताही त्यांतील बराच भाग रोजच्या बोलण्यात वापरत असते. फरक एवढाच की तिचे शब्द विशेषणे नसून बहुधा क्रियापदे आणि नामे आहेत.

व्याकरणाकडे थोडे अधिक लक्ष द्यावयास हवे. ‘माझे पोट दुखते’ या वाक्यात दुखणारा कर्ता पोट आहे, मी केवळ त्याचा मालक. ‘मला ताप आला’ यात ताप हा बाहेरून येणारा पाहुणा आहे आणि मी त्याला सामोरा जाणारा. ‘पोट दुखते’ आणि ‘पोटात दुखते’ यांतही सूक्ष्म अंतर आहे. दुसऱ्या वाक्यात बोलणारा आत, खोल जागेकडे बोट दाखवीत असतो. इतर भाषांची घडण वेगळी असते. दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकान्स भाषेत ‘माझे डोके सीअर आहे’ अशा धर्तीचे वाक्य होते. तेथे दुखणे ही अवयवाची अवस्था आहे, क्रिया नव्हे. त्या देशाच्या पश्चिम केप प्रांतात इंग्रजी, आफ्रिकान्स आणि झोसा या तिन्ही अधिकृत भाषा असल्याने तेथील डॉक्टरलाही वाक्याची अशी नवी घडण शिकावीच लागते. म्हणजे आपली अडचण जगावेगळी नाही; मात्र आपण तिची दखल कमी घेतली आहे.

सर्वांत फसवे असतात ते ‘जीव’ या शब्दाभोवतीचे प्रयोग. विदर्भातील वयस्क रुग्ण ‘जीव घाबरते’ असे सांगतो तेव्हा त्याला भीती वाटत असते असे नाही. धडधड, श्वास अपुरा पडणे, दरदरून घाम येणे, छातीत काहीतरी विपरीत घडत असल्याची जाणीव, हे सर्व त्या दोन शब्दांत सामावलेले असते. कोशातील अर्थ धरून ‘घाबरू नका’ असा धीर देऊन अशा रुग्णाला परत पाठविणे किती घातक ठरू शकते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. ‘कंबर धरते’, ‘पाठ भरून येते’, ‘जीव कसनुसा होतो’ यांनाही शब्दशः भाषांतर लागू पडत नाही.

त्यात झाडीबोलीची उच्चारपद्धती निराळी. या बोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिच्या वैशिष्ट्यांकडे सातत्याने लक्ष वेधले आहे. ‘ळ’च्या जागी ‘र’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येत असल्याने ‘डोळा’ हा ‘डोरा’ होतो. पुण्या-मुंबईहून आलेल्या तरुण डॉक्टरला पहिल्या आठवड्यात ‘डोरा’ म्हणजे दोरा वाटल्यास नवल नाही. येथे रुग्ण अशुद्ध बोलत नसतो. डॉक्टरचा कान अपुरा असतो.

गोंडी आणि माडिया : शब्द ओळखीचा, अर्थ परका

गोंडी ही द्राविड कुळातील भाषा. २०११ च्या जनगणनेत तिचे सुमारे ३० लाख भाषक नोंदविले गेले. तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. माडिया ही तिच्या परिवारातील बोली, आणि माडिया गोंड हा महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिम गटांपैकी एक आहे. इतर दोन कातकरी आणि कोलाम. गोंडीत डोक्याला ‘तला’, हाताला ‘कय’, डोळ्याला ‘कन’ आणि पायाला ‘काल’ म्हणतात. गावोगावी उच्चार थोडे बदलतात. तमिळ, तेलुगू जाणणाऱ्याला यांतील बहुतेक शब्द सहज ओळखता येतात. दुखणे या अर्थाचा ‘नोय’ हा धातूही असाच. तमिळमध्ये ‘नोय्’ म्हणजे रोग, कन्नडमध्ये ‘नोवु’ म्हणजे वेदना, तेलुगूत ‘नोप्पी’ म्हणजे दुखणे. म्हणूनच सिरोंचाकडील तेलुगू जाणणारी परिचारिका गोंडी रुग्णाच्या बोलण्याचा धागा एखाद्या नागपूरकर डॉक्टरपेक्षा लवकर पकडते.

मराठी कानाची मात्र फसगत होते. पायाला ‘काल’ म्हणणारा रुग्ण जेव्हा गोंडी-मराठी मिसळून बोलतो, तेव्हा ऐकणारा ‘कालपासून’ असे समजून लिहून मोकळा होऊ शकतो. अवयव हरवतो आणि न सांगितलेला कालावधी केसपेपरवर उमटतो. अशी चूक कोणाच्या निष्काळजीपणातून होत नाही. दोन भाषाकुळे एकमेकांना भिडतात त्या सीमेवर ती घडते. माडिया भाषक हे मराठी ‘कमी शिकलेले’ लोक आहेत, अशी एक अप्रत्यक्ष समजूत आपल्या शिक्षणव्यवहारात दिसते. प्रत्यक्षात ते एक पूर्ण भाषा बोलत असतात आणि आपल्याला ती येत नसते.

हे सत्य ओळखून कामाला आरंभ केलेल्यांत हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाचा उल्लेख प्रथम करावा लागेल. बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये भामरागड तालुक्यात हा प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो चालविला. दोघांनाही २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दवाखाना उघडला म्हणून रुग्ण येत नाहीत, हा त्यांचा आरंभीचा अनुभव. त्यांनी व सहकाऱ्यांनी माडिया शिकून घेतली, आणि पुढे प्रकल्पाची आश्रमशाळाही उभी राहिली. त्या शाळेत शिकलेल्या माडिया मुलांपैकी काही स्वतः डॉक्टर झाली. भाषेच्या दृष्टीने या घटनेचे मोल मोठे आहे : मधला दुभाषी गळून पडला, कारण डॉक्टर व रुग्ण यांची घरची भाषा एकच झाली.

न सांगितलेली दुखणी

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा ग्रामीण स्त्रियांच्या आजारांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली असता ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार आढळले. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार. तक्रार असल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया मात्र ५५ टक्के होत्या, आणि यापूर्वी तपासणी व उपचार झालेल्या केवळ ८ टक्के. वैद्यकीय जगात या अभ्यासाची चर्चा ९२ या आकड्यामुळे झाली. भाषेच्या अभ्यासकाने ९२ आणि ५५ यांमधील अंतराकडे पाहावे असे आम्हांस वाटते. हे सर्व अंतर लक्षणे नसल्याचे मानता येणार नाही. काही आजार खरोखरच निमूटपणे वाढतात. परंतु जे दुखणे पिढ्यानपिढ्या ‘बाईच्या जातीला असायचेच’ म्हणून सोसले जाते, त्याला तक्रार हे नावच मिळत नाही.

आणि नाव असले तरी ते आडून घेतलेले असते. ‘अंगावरून जाते’, ‘धुपणी आहे’, ‘बाहेरची झाली’, ‘कावळा शिवला’, ‘अंग बाहेर येते’. यांपैकी एकाही शब्दप्रयोगात अवयवाचे नाव नाही. माडिया गावांत पाळीच्या काळात स्त्रीने ज्या झोपडीत राहावयाचे तिला ‘कुरमा घर’ म्हणतात. तेथे शब्दाऐवजी जागाच सर्व काही सांगून जाते. अशा स्त्रीपुढे पुरुष डॉक्टर, शेजारी मुलगा किंवा दीर दुभाषी म्हणून उभा आणि दारात रांग. तिने ‘पोट दुखते’ असे सांगून विषय मिटविला, तर दोष कोणास द्यावा? डॉ. राणी बंग यांचे ‘कानोसा’ हे पुस्तक स्त्रियांच्या अशाच बोलण्यातून उभे राहिले आहे. विचारण्याआधी ऐकावे लागते, हे त्याच्या शीर्षकातच आले आहे.

ज्याला बोलताच येत नाही अशा रुग्णाचे काय? अर्भकाच्या न्यूमोनियात माता ‘धाप लागली’ असे सांगते. परंतु धाप म्हणजे किती? ‘सर्च’ने यासाठी श्वास मोजण्याचे एक साधे उपकरण केले : वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. दोन महिन्यांखालील बाळासाठी मिनिटाला ६० आणि त्याहून मोठ्या बालकासाठी ५० श्वास ही सीमा धरली होती. अक्षरओळख नसलेल्या सुईणीलाही ते वापरता येई. गडचिरोलीतील न्यूमोनिया-उपचाराचा अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्यात गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या बालकांतील मृत्युप्रमाण ०.८ टक्के इतके कमी होते. पुढे ३९ गावांत आरोग्यदूतांनी घरोघरी केलेल्या नवजात बालसेवेचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला आणि २०११ पासून अशी सेवा राष्ट्रीय कार्यक्रमात आली. औषधे तर महत्त्वाची होतीच. तथापि आईच्या तोंडच्या ‘धाप’ या शब्दाला खोटे न ठरविता त्याला मोजणीची जोड दिली गेली, ही बाब आमच्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

दुखत नाही, म्हणून गंभीर

‘कुठे दुखते?’ हा प्रश्न ज्या रोगापुढे निरर्थक ठरतो, तो कुष्ठरोग. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळील आनंदवनाने हे दुखणे महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात आणले. या रोगात नसा बाधित होऊन संवेदना जाते. चुलीवरचे भांडे उचलताना बोट भाजते आणि कळत नाही; पायात काटा मोडतो आणि चालणे सुरूच राहते. वेल्लोर येथे काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की हातापायांची झीज रोग मांस खातो म्हणून होत नसून वेदना न कळल्याने होणाऱ्या जखमांतून होते. येथे निदानाचा शब्द ‘दुखते’ हा नसून ‘बधिर’, ‘मुके’, ‘कळत नाही’ हा असतो. ज्याला काहीच होत नाही अशा माणसाने दवाखान्यात काय सांगावे, हा प्रश्न साधा नाही. त्यामुळे विचारणाराच आपले वाक्य बदलतो : ‘गरम-थंड कळते का? चप्पल पायातून निसटलेली समजते का?’

याच्या अगदी उलट स्थिती सिकलसेलची. भारतात हा आजार १९५२ साली निलगिरीत प्रथम नोंदविला गेला आणि १९५८ साली नागपूरकडून मध्य भारतातील नोंद प्रसिद्ध झाली. पूर्व विदर्भात आदिवासी व इतर समाजांतही तो मोठ्या प्रमाणात आहे. १ जुलै २०२३ रोजी त्यासाठी राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत, पोटात असह्य कळा येतात. बाहेरून मात्र ना सूज, ना जखम. शाळेत वारंवार गैरहजर राहणाऱ्या अशा मुलाला ‘नाटकी’ ठरविले जाण्याचा धोका असतो. प्राध्यापकवर्गानेही हे ध्यानात घ्यावे.

अशा वेळी ‘दहापैकी किती दुखते?’ असे विचारण्याची रूढ पद्धत आहे. वेदनेला गुण देण्याची ही कल्पना परीक्षार्थी माणसाला सुचते. ज्याने परीक्षा दिलेली नाही त्याला ती चमत्कारिक वाटते. त्यापेक्षा ‘रात्री झोप लागली का? मोहफुले वेचायला गेली होती का? पाण्याचा गुंड उचलवतो का?’ या प्रश्नांची उत्तरे अधिक नेमकी येतात. कालावधीचेही तसेच. ‘किती महिन्यांपासून?’ याला अंदाजे उत्तर मिळते. ‘मोहफुलांच्या वेळी होते का? तेंदूपाने तोडताना? की रोवणीनंतर सुरू झाले?’ असे विचारले की मार्च-एप्रिल, मे आणि जुलै-ऑगस्ट हे टप्पे आपोआप मिळतात.

दुभाष्याच्या तोंडून

माझ्या पदवीच्या वर्गात एकदा मी विद्यार्थ्यांना आपापल्या घरच्या बोलीतील दुखण्याचे शब्द लिहून आणावयास सांगितले. भाषाविज्ञानातील अर्थक्षेत्र ही संकल्पना शिकविण्याचा तो हेतू होता. झाडीबोलीच्या मुलांनी भरभरून लिहिले. एका माडिया विद्यार्थिनीने कोरा कागद दिला. विचारले तेव्हा म्हणाली, ‘सर, शब्द आहेत. मराठीत काय लिहू ते कळत नाही.’ नंतर तिने सांगितले की तेरा-चौदा वर्षांची असताना ती आजीसोबत दवाखान्यात गेली होती. आजी बराच वेळ बोलली. डॉक्टरांनी हिच्याकडे पाहिले आणि ही म्हणाली, ‘पोट दुखते.’ आजीने आणखी काय सांगितले होते, असे मी विचारले. ‘बरंच सांगितलं होतं सर. मला तेवढंच येत होतं.’

आजीचे पुढे काय झाले ते मी विचारले नाही. त्या मुलीला दुभाषी कोणी नेमले नव्हते. ती शाळेत जात होती, एवढीच तिची पात्रता. आजही बहुतेक ठिकाणी हे काम नातलग, आशा कार्यकर्ती, सफाई कर्मचारी किंवा रांगेतील कोणी करतो. आशा कार्यकर्ती त्यातल्या त्यात बरी, कारण ती गावची, स्त्री आणि आजारांची नावे जाणणारी असते. पण तिलाही दुभाषी म्हणून प्रशिक्षण मिळते असे नाही. दुभाषी नसलेल्या भागाची भर घालतो, लाजेचा भाग गाळतो आणि पुजाऱ्याने काय सांगितले ते तर हटकून लपवितो, कारण ते ऐकून डॉक्टर रागावतील ही भीती असते. वास्तविक ‘सर्च’ने आपल्या रुग्णालयाला लोकांच्या इच्छेनुसार माँ दंतेश्वरीचे नाव दिले, त्यामागे हीच जाण दिसते : दैवत आणि दवाखाना यांत निवड करण्याची सक्ती केली की रुग्ण अर्धेच सांगतो.

महाविद्यालयांपुढील काम

२०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात प्रवेशानंतरच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेच्या अध्ययनाचा समावेश आहे. चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ साली सुरू झाले, गडचिरोलीचे २०२४ साली. येथे ‘स्थानिक भाषा’ म्हणजे केवळ प्रमाण मराठी असे मानले जात असेल तर हेतूचा निम्मा भाग वाया जाईल. दुसरीकडे २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कला व विज्ञान महाविद्यालयांत गोंडी, माडिया, कोलामी घरी बोलणारे विद्यार्थी बसलेले आहेत. एका बाजूला शब्दांची गरज असलेले भावी डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला शब्द असूनही कोरा कागद देणारे विद्यार्थी. यांची गाठ घालून देणे भाषाविभागांना अशक्य नाही.

मात्र त्यासाठी शब्दांच्या याद्या छापून भागणार नाही. ‘डोके–तला’ अशी जोडी पाठ केलेल्या डॉक्टरला प्रश्न विचारता येईल, उत्तर समजणार नाही. आणि वैद्यकात उत्तर समजणेच निर्णायक. म्हणून संकलन वाक्यांचे व्हावे, आणि तेही रुग्णाच्या बाजूच्या वाक्यांचे. प्रत्येक वाक्यासोबत ते कोणत्या गावात, स्त्रीने की पुरुषाने, कोणत्या आजारात वापरले याची नोंद असावी. ध्वनिमुद्रण असल्यास उत्तम, अर्थातच सांगणाऱ्याच्या संमतीने आणि नाव न नोंदविता. स्त्रियांची वाक्ये स्त्री-विद्यार्थिनींनीच गोळा करावीत. अर्थ लिहिताना एका मराठी शब्दावर समाधान मानू नये. तो शब्द ऐकून गावातील माणूस रुग्णाला पुजाऱ्याकडे नेतो, झाडपाला देतो की बैलगाडी जुंपतो, हे विचारून लिहावे.

त्या विद्यार्थिनीने सत्र संपताना मला तिची यादी आणून दिली. देवनागरीत लिहिलेली तेवीस वाक्ये होती. उजवीकडे मराठी अर्थासाठी आखलेला रकाना सतरा ठिकाणी भरलेला होता आणि सहा ठिकाणी तिने फक्त लिहिले होते : ‘आजीला विचारते.’